राजूरला परत केलेली अंगठी

भोकरदनला पुंजारामांच्या घरात आठ दिवस एका अंगठीवरून वाद चालला होता. त्यांची मुलगी शीतल दवाखान्यात नर्स. वडीगोद्रीच्या हरिओमशी तिचा साखरपुडा झाला होता. लग्नाला महिना उरला असताना हरिओमने स्वतः येऊन सांगितलं, "माझं मन दुसरीवर हाय. घरच्यांच्या धाकानं हो म्हणलो. चूक माझी." लग्न मोडलं. आता त्याच्या घरून अंगठी परत मागितली होती.

"बिलकुल द्यायची न्हाई," शीतलची आई उषाबाई म्हणाली. "मोडलं त्यांनी, अन् बट्टा आपल्या पोरीला."

पुंजारामांची थोरली बहीण झुंबरबाई राजूरहून मुद्दाम आली होती. गणपतीच्या देवळाबाहेर तिचं नारळाचं दुकान होतं.

"बट्टा कशाचा, उषा? पोरीनं काय केलं? अन् हेच लग्नानंतर कळलं असतं मंग? पोरगं आधी खरं बोललं, बरंच झालं."

"लोक काय म्हणतील, अक्का?"

"लोकांचं ऱ्हाऊ दे. शीतलला विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. शीतल हळूच म्हणाली, "अंगठी त्या लग्नाची व्हती, आई. मी काय करू तिचं? लग्न मोडल्याचं दुःख न्हाई मला. पण तू मला लोकांपासून लपवून ठेवलं. मावशीकडच्या हळदीलाबी नेलं न्हाई. त्याचं वाईट वाटलं."

उषाबाईने लेकीला जवळ ओढलं. "चुकलंच माझं, बाई!"

रविवारी राजूरला झुंबरबाईच्या दुकानात दोन्ही घरं भेटली. हरिओमची आई दैवशालाबाई मान खाली घालून उभी होती. उषाबाईने अंगठी तिच्या हातावर ठेवली. "पोराचं त्याच्या मनासारखं करून द्या. आमचा राग न्हाई."

दैवशालाबाईंनीही हरिओमला घातलेली अंगठी पिशवीतून काढून दिली आणि उषाबाईचा हात धरून ठेवला. हरिओमने वाकून नमस्कार केला. झुंबरबाईने सगळ्यांना दुकानातच बसवून गरम भजी मागवली. तेवढ्यात भोकरदनच्या त्यांच्या गल्लीतली एक ओळखीची बाई दर्शनाला आली. "शीतलचं लग्न कधी हाय?"

"मोडलं ते," उषाबाई मोकळ्या आवाजात म्हणाली. "पोरगी मजेत हाय. या, भजी खा."

शीतल खळखळून हसली.

वाचकहो, साखरपुडा मोडला म्हणून मुलगी डागाळत नाही. अंगठी ज्याची त्याला द्यावी, वैर धरू नये, आणि लेकीला चारचौघांत ताठ मानेनं वावरू द्यावं.