बेसण्यातलं आवजो

धैवत भावसारला चोविसाव्या वर्षीच सगळं आयुष्य कळून चुकलं होतं. असले दीडशहाणे आमच्या अमदावादेत गल्लोगल्ली सापडतात, पण धैवतला ते शहाणपण वाटत फिरायची खोड होती. कंपनीत नवीन लागलेल्या पोरांना टपरीवर गोळा करून तो सांगायचा, "नातीगोती म्हणजे वाळवी. भावनेत अडकला तो संपला." पोरं माना डोलवायची. चहा तोच पाजायचा ना!

रविवारी सकाळी पांढरा झब्बा घालून तो हसमुखकाकांच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, निघाला, तेव्हाही तोंडाचा पट्टा चालूच होता. गाडीत शेजारी ऑफिसातला चिंतन बसला होता.

"पेपरात फोटो छापायचा, हॉल घ्यायचा, आणि लोकांनी येऊन मोबाइल बघत बसायचं. याला म्हणे शोक!" धैवत म्हणाला.

"अरे, तू समोर बघून चालव. आणि लवकर आटप हं, रविवारचा फाफडा हां हां म्हणता संपतो."

"किती वेळ लागतोय? हात जोडायचे आणि सुटायचं."

चिंतनसमोर फुशारकी मारायला हे ठीक होतं. खरी गोष्ट अशी, की हसमुखकाकांचा मुलगा मौलिक हा त्याचा पहिलीपासूनचा दोस्त, आणि स्वतःच्या साखरपुड्याच्या दिवसापासून मौलिकनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मधल्या काळात धैवतला बढती मिळाली, नवी गाडी आली. पण ती दाखवून बरं वाटावं असा एक माणूस त्याच्याकडे उरला नव्हता. त्याला मौलिक परत हवा होता. सकाळी आरशासमोर उभं राहून त्यानं 'माझं चुकलं' असं घोकूनही पाहिलं. त्याचं त्यालाच हसू आलं. दुसऱ्यांना चुका दाखवण्यात हयात घालवलेल्या जिभेला असले शब्द कुठून वळणार?

चुकलं होतं ते असं. हसमुखकाका शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. त्यांच्या घरून कुणी निघालं की ते आधी दारात 'आवजो' म्हणत, मग जिन्याच्या कठड्यावरून, मग गॅलरीत येऊन, माणूस वळणाआड होईपर्यंत: "आवजो, हों के, आवजो!" पुन्हा या बरं का, पुन्हा या. मौलिकच्या साखरपुड्यात धैवतनं माइक घेतला आणि नव्या व्याह्यांसमोर काकांची हुबेहूब नक्कल केली. लोक पोट धरून हसले. काकाही हसले. मौलिक तेवढा हसला नाही. त्यानंतर एकदा काका बाजारात भेटले. जेवलास का, आई कशी आहे, सगळं विचारलं, आणि निघताना मात्र त्यांनी नुसते हात जोडले. धैवतपुरता तो शब्द त्यांनी कायमचा गिळला होता. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आयुष्याचे धडे देणाऱ्या या पंडिताला वाटलं, म्हातारा हल्ली कमी बोलतो.

हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. पेटीवाला भजन ओढत होता. चंदनाचा हार घातलेल्या फोटोत हसमुखकाका आयुष्यात पहिल्यांदाच न हसता बसले होते. धैवतनं फुलं वाहिली, थोडा वेळ मांडी घालून बसला, चिंतनचे इशारे पाहिले आणि उठला.

दारात मौलिक उभा होता. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. शेजारी त्याची आत्या, हंसाफोई. लोक येत, हात जोडत, न बोलता पुढे सरकत. इथे कुणी कुणाला आवजो म्हणत नाही. असल्या प्रसंगाला पुन्हा या, असं कोण म्हणेल? शब्द चुकून निघाला तरी म्हाताऱ्या बायका कानाला हात लावतात.

धैवत समोर आला. घोकलेलं वाक्य राहूनच गेलं. त्यानं हात जोडले. मौलिकनं ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि सोडलेच नाहीत. मग मान थोडी वाकडी करून, अगदी बापाच्या सुरात, तो म्हणाला,

"आवजो. हों के, आवजो."

"अरे मौलिक!" हंसाफोई मागून ओरडल्या. "भान आहे का तुला? बापाच्या बेसण्यात आवजो म्हणतोस!"

मागची रांग थबकली. मौलिकनं आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो धैवतकडेच बघत होता. एवढ्या लोकांत एकालाच त्यानं परत बोलावलं होतं, तेही बापाच्या तोंडचा शब्द उसना घेऊन. नुसतं 'येईन' म्हटलं असतं तरी पुरे होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं.

पण सगळे बघताहेत म्हटल्यावर धैवतची जीभ गप्प कशी बसणार?

"फोईंचं बरोबर आहे," तो हसून म्हणाला. "बेसण्यात आवजो म्हणत नाहीत, यार. एवढंही कळत नाही तुला?"

मौलिकनं हात सोडले.

"खरंय तुझं," तो शांतपणे म्हणाला. "नको येऊस."

आणि पुढच्या माणसाला त्यानं हात जोडले.

दुकानातला फाफडा संपला नव्हता. चिंतननं दोन कागद भरून घेतले, वर जिलेबी.

"काय म्हणाला रे मौलिक? बराच वेळ हात धरून होता."

"काही नाही. गडबडलाय बिचारा," धैवत म्हणाला. त्यानं तुकडा मोडला, तोंडापाशी नेला आणि परत कागदावर ठेवला. आपण काय घालवून आलो, हे आता त्याला स्वच्छ कळलं होतं. अशी अक्कल नेहमी वरात गेल्यावरच दारात येते.

ते निघाले तेव्हा गल्ल्यावरच्या शेठनं मोठ्यानं हाक दिली, "आवजो, भाई, आवजो!"

धैवत चटकन वळला. शेठ त्याच्या मागच्या गिऱ्हाइकाला म्हणत होता.