दादाने एकही पान बदललं नाही

दादा दवाखान्यातून घरी आला, पण घरात कुणाचा जीव भांड्यात पडला नाही. डोक्यात गेलेला ताप उतरला होता, हातपाय चालत होते. माणूस मात्र गप्प. क्रेनवर बसून अख्खं आवार बोलण्याने दणाणून सोडणारा हा गडी आता विचारलं तर ‘हं’ म्हणायचा, एवढंच. वहिनीचं पाठ टेकणंही बंद झालं होतं.

एका दुपारी धाकटी बहीण शिवणाचं दुकान बंद करून पत्ते आणि डबाभर बटणं घेऊन आली. उलटा पोकर हा दोघांचा लहानपणापासूनचा खेळ. पाच पानं, नको असतील ती एकदाच बदलायची, आणि ज्याची पानं सगळ्यांत हलकी तो जिंकला. जोडी आली की बोंबला. एकाने बटणं पुढे सरकवली की दुसऱ्याने तेवढीच लावून पानं उघडायला लावायची, नाहीतर डाव सोडायचा.

पहिले काही डाव दादा मुकाट्याने हरला. वहिनी ओट्याशी पाठ करून उभी होती, पण कान इकडेच.

मग धाकटीला चौकी, पंजी, छक्की, अठ्ठी आली, आणि एक राजा. तिने राजा टाकून एक पान घेतलं. दश्शी. बरी होती, फार नाही.

“दादा, तुला किती?”

“नको.”

“एकही नको?”

“नको.” आणि त्याने समोरची सगळी बटणं पुढे सरकवली.

पानं खरंच हलकी आहेत, की खेळच विसरलाय हा? साध्या पोकरसारख्या जोड्या जमवून खूश होऊन बसला असेल तर? पानं उघडायला लावावीत, तर वहिनीसमोर सगळं उघडं पडणार. तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. चेहरा कोऱ्या पाटीसारखा. आणि न बदलणाऱ्यासमोर दश्शी घेऊन भिडायचं म्हणजे तसाही वेडेपणाच.

“घे बाबा, तुझा डाव,” तिने पत्ते टाकले.

दादाने पानं सावकाश उघडी केली. तीन दुऱ्या, दोन तिऱ्या. उलट्या पोकरमधला निव्वळ कचरा!

खेळ विसरलाच हा.

“दुऱ्या... तिऱ्या... माझ्याकडे,” दादा शब्द गोळा करत म्हणाला. “मग तुझ्याकडे... फार हलकं येणार कुठून? म्हटलं, घाबरवू.” आणि ओठाचा एक कोपरा वर गेला, तस्साच, लबाड.

“वहिनी! अहो, फसवलं मला यानं! विचार करून, ठरवून फसवलं!” धाकटी हसता हसता रडायलाच लागली.

वहिनीने गॅस बंद केला. ओल्या हातांनीच येऊन ती दादाशेजारी खुर्चीत धपकन बसली आणि पाय पसरून एक लांब श्वास सोडला.

“मलाही वाटा पानं,” ती म्हणाली. “आणि याच्या तोंडाकडे मी बघणार नाही, आधीच सांगते.”

“बघ की,” दादा म्हणाला.

त्या दुपारी चहा करायचं कुणालाच सुचलं नाही.