जेवणाआधीचं वाचन

"बाबा, ही नाताळची गव्हाण जरा आत ठेवता का? स्पीकरला जागाच उरत नाहीये." सुनेचे दोन्ही हात मैद्याने भरलेले होते, म्हणून तिने हनुवटीनेच टीव्हीशेजारचं टेबल दाखवलं.

मिस्त्रींनी मान डोलावली आणि मातीच्या बाहुल्या एकेक करून उचलल्या. मेंढपाळ, गाढव, आई, बाप, गवतातलं बाळ. आतल्या खोलीत नेऊन त्या कपाटावर मांडल्या. पलंगावरून बायको बघत होती. बघत होती म्हणजे डोळे तिकडे होते. आत काय पोचत होतं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं.

"तात्पुरतं हलवलंय गं," ते म्हणाले. "वाचनाच्या वेळी परत बाहेर नेतो."

"नाही," ती म्हणाली.

उन्हाळ्यात तिला झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भरल्या घरातून चोराने सगळं धुऊन न्यावं आणि एखादा चमचा तेवढा विसरावा, तसा एकच शब्द मागे राहिला. पाणी हवं असलं तरी नाही, नको असलं तरी नाही.

हिनेच उभं आयुष्य चर्चच्या रविवारच्या शाळेत पोरांना शिकवलं होतं. नाताळला तिच्या घरात एकच नियम असायचा. आधी सगळ्यांनी गोल बसायचं, पवित्र शास्त्रातली बाळाच्या जन्माची हकिकत वाचायची, प्रत्येकाने देवाचे आभार मानायचे, आणि मगच ताटाला हात लावायचा. कोणी भुकेने कुरकुरलं की ती डोळे वटारायची. "वाढदिवस ज्याचा, त्यालाच दाराबाहेर उभं करून तुम्ही केक खाणार? माझ्या घरात चालायचं नाही."

मिस्त्रींचं स्वतःचं देवाशी फारसं बोलणं नव्हतं. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसायचे आणि प्रवचन सुरू झालं की डुलकी काढायचे. "माझ्या वाटचं तूच माग," असं बायकोला सांगून मोकळे व्हायचे. तिची वरपर्यंत इतकी ओळख होती की घरात दुसऱ्या कोणाला ती काढायची गरजच पडली नाही. आता मागणारीच मुकी झाली.

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आतली माणसं किंचाळायची. तेव्हा मिस्त्री पान्याला हात लावायच्या आधी वरून ओरडून सांगायचे, "मी आहे इथे. घाबरू नका." तेवढ्याने आतला आरडाओरडा थांबायचा. हॉस्पिटलच्या बाकावर बसले असताना त्यांना वाटलं होतं, आपल्यालाही कोणीतरी वरून तेवढंच म्हणावं. कोणी म्हटलं नाही. तेव्हापासून प्रार्थनेला डोळे मिटले की त्यांना लिफ्टच्या बोळातला अंधार दिसायचा, खाली तळ नसलेला.

पण नाताळ तिचा होता. आपल्याला काही वाटो न वाटो, वाचन व्हायलाच हवं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मुलगा आरशासमोर कॉलर नीट करत होता. "जेवायच्या आधी दहा मिनिटं वाचन करून घेऊ," मिस्त्री म्हणाले.

"आज नको ना बाबा. ऑफिसचे साहेब येताहेत, जोडीने. अवघडतील बिचारे."

"आई होती तेव्हाही पाहुणे यायचेच की. तेही बसायचे."

'होती' म्हटलं आणि त्यांची जीभ अडखळली. आई भिंतीपलीकडे जिवंत होती.

मुलगा आरशातूनच त्यांच्याकडे बघत राहिला. तो वाईट नव्हता. आईचं भिजलेलं अंथरूण तोच बदलायचा, तोंड वाकडं न करता. "खरं सांगू का बाबा? ते सगळं आपण आईसाठी करायचो. आता तिलाच कळत नाही. मग करायचं कोणासाठी?"

यावर तिने काय सुनावलं असतं, ते मिस्त्रींना पाठ होतं. पण ते उत्तर द्यायला माणसाकडे तिचा विश्वास हवा. उसन्या तोंडाने ते बोलवेना. "तरी पण," एवढंच ते म्हणाले.

"बरं, जेवणानंतर करू. नक्की."

साहेब आले, त्यांच्या मिसेस आल्या. माणसं मोकळी होती. घरात शिरल्या शिरल्या साहेबांनी नातीला उचलून गरगर फिरवलं. ताटं मांडली गेली. मिस्त्री आपल्या ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसले. निदान एखादं वाक्य तरी कोणी म्हणेल, म्हणून वाट बघत राहिले.

"बाबा, गार होतंय हो," सून काळजीने म्हणाली. पहाटेपासून ती ओट्याशी उभी होती.

त्यांनी घास घेतला. लग्न झाल्यापासून नाताळला वाचनाआधी घेतलेला हा पहिलाच घास. तो चवीला चांगला लागला, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

जेवणानंतर केक आला, भेटींचे कागद टराटरा फाटले, स्पीकर सुरू झाला. आता होईल, मग होईल, असं करता करता उन्हं कलायला लागली. शेवटी मिस्त्री शास्त्राचं पुस्तक छातीशी धरून खोलीच्या मधोमध उभे राहिले. "जरा ऐका..."

"अरे वा! आजोबा गाणार!" साहेब ओरडले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. नातीने मोबाइल समोर धरला. मुलाने मान खाली घातली.

"नाही, नाही," मिस्त्री ओशाळं हसत म्हणाले. त्यांच्याही तोंडून तेवढाच शब्द निघाला. ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

पलंगाशेजारी स्टूल ओढून त्यांनी वाचायला सुरुवात केली. उताऱ्याचा त्यांनी आठवडाभर सराव केला होता, तरी अक्षरं हलत होती. बाळाला ठेवायला कुठे जागा मिळत नाही, तिथवर आले तेव्हा ती म्हणाली, "नाही."

ते थांबले. "बरं वाटत नाहीये का?"

"नाही."

"वाचू पुढे?"

"नाही."

"मग बंद करू?"

"नाही. नाही." तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहत होतं. पण ते तर हल्ली सारखंच वाहायचं.

त्या एका शब्दाच्या मागे ती कुठे होती? पुढे वाच म्हणत होती, की पुरे झालं म्हणत होती? की एवढ्या वर्षांची तिची ओळखही तुटली होती आणि ती देवालाच नाही म्हणत होती? मिस्त्रींना कळेना. विचारायचं कोणाला, तेही कळेना. त्यांनी उतारा शेवटपर्यंत वाचला, मोठ्याने, कारण बाहेर गाणं मोठं होतं.

मग प्रार्थना. पलंग आणि कपाटाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते कसेबसे गुडघ्यांवर बसले. तिचे हात जोडून द्यायला गेले, तर लुळा हात ठरेना. ठेवला की घसरायचा. शेवटी त्यांनी तो चादरीवर नीट ठेवला आणि तिच्या डाव्या हाताला आपला उजवा हात जोडला. तळव्याला तळवा.

ते शब्दांची वाट बघत बसले. आभार कशाचे मानायचे, हे त्यांना सुचलं नाही. मागायचं काय, तेही नाही.

थोड्या वेळाने तिने हात काढून घेतला आणि चादरीचा निघालेला दोरा ओढत बसली. मिस्त्री तसेच गुडघ्यांवर राहिले, एक हात उभा धरून, समोर जोडायला काहीच नसताना.