नाव नसलेला कॅन

आमच्या लाँड्रीत चादरी येतात त्या हॉस्पिटलच्या आणि जवळपासच्या हॉटेलांच्या. पांढऱ्याशिवाय दुसरा रंग क्वचितच. डाग घालवायला ब्लीच लागतं, आणि साबणाचा खार कापडात राहू नये म्हणून शेवटच्या पाण्यात थोडं ॲसिड. दोन्ही कामाची आणि दोन्ही एकाच छपराखाली. फक्त त्यांची एकमेकांशी गाठ पडता कामा नये. पडली तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो श्वासातून आत गेला की छाती आतून भाजते.

ड्रम मोठे असतात, ते हलवत नाहीत. त्यातून छोट्या पांढऱ्या कॅनमध्ये काढून घ्यायचं आणि कॅन मशीनपाशी न्यायचा, अशी पद्धत. कॅन सगळे सारखेच. कुठल्यात काय हे सांगायचं काम माझ्या सासऱ्यांचं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. झाकण उघडायचं, कॅन नाकाखालून एकदा फिरवायचा आणि म्हणायचं, "ब्लीच." किंवा, "आंबट." आमच्याकडे ॲसिडला आंबट म्हणायची सवय होती. मास्तरांचा अंदाज कधी चुकला नव्हता, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

मी लग्नाआधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करायचे. तिथे नाव नसलेल्या बाटलीला कुणी हात लावत नसे. इथे आल्यावर मी कॅनवर नावं चिकटवायचा विषय काढला.

"ओलाव्यात निघून जातात गं ती," नवरा म्हणाला.

"न निघणारी मिळतात."

"नाक असताना कागद कशाला?" मास्तर म्हणाले. "ज्या दिवशी हे नाक बंद पडेल त्या दिवशी मला घरी बसवा आणि मग लाव तुझे कागद."

इस्त्रीवाली मावशी इस्त्री न थांबवता म्हणाली, "घरी बसवून कुणाचा जीव खाणार? वहिनी हाकलून देतील." वहिनी म्हणजे माझ्या सासूबाई. सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला.

मास्तरांची बोटं मला पहिल्यांदा दिसली ती घरी, जेवताना. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट टोकाशी पांढरं पडून सोललं होतं. चिरा गेल्या होत्या. ते बोटं दुमडून घास घेत होते.

"बाबा, हे काय?"

"काही नाही. थंडीनं."

"थंडी काय दोनच बोटांना वाजते?" सासूबाई म्हणाल्या. "रोज मलम लावते मी. रोज परत तेच."

मला वाटलं, कॅन उघडताना सांडत असेल. दुसऱ्या दिवशी मी रबराचे जाड हातमोजे आणले, कोपरापर्यंत येणारे. मास्तरांनी ते असे धरले जणू मी त्यांना मेलेला उंदीर दिलाय.

"हे घालून काम करतात होय?"

"सगळीकडे हेच घालून करतात."

"घाला हो," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर तुमचं मलम तुम्हीच लावा."

त्यांनी ते घातले. मला बरं वाटलं. आपण एक चांगलं काम केलं, असं सकाळभर वाटत राहिलं.

हॉस्पिटलच्या चादरी दुपारपर्यंत पोचवायच्या होत्या. डागाळलेल्यांसाठी ब्लीचची एक वेगळी टाकी असते. ती अर्धी झाली होती, आणि नवऱ्याला ती भरायची घाई होती. भिंतीपाशी एक भरलेला कॅन उभा होता. कॅन भरणारा माणूस आदल्या संध्याकाळी तो भरून रजेवर गेला होता.

"बाबा, बघा जरा. ब्लीचच ना?"

मास्तरांनी झाकण उघडलं. कॅन नाकाखालून फिरवला. मी तिथेच ओल्या चादरी मोजत होते, आणि मला दिसलं की वास घेऊनही ते बोलले नाहीत. त्यांनी पाण्यासारखे दोन थेंब झाकणातून मोज्याच्या बोटांवर घेतले आणि अंगठा बोटावर घासला. मग पुन्हा घासला. मग मोजा काढायला लागले. मोजा ओला होऊन हाताला चिकटला होता. निघेना.

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं. ब्लीच बोटांना बुळबुळीत लागतं. ॲसिड लागत नाही. हा माणूस वासावर सांगतच नव्हता. तो प्रत्येक कॅन बोटांनी ओळखत होता, वास घेतल्याचं दाखवून, आणि त्याची कातडी त्यात जात होती. ज्या दोन बोटांवर ते चाललं होतं, ती मी झाकून टाकली होती.

"बाबा, किती वेळ?" नवऱ्याने हात पुढे केला. "आणा इकडे."

मास्तर कॅन धरून उभे राहिले. मावशीची इस्त्री थांबली. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी बोलले असते तर कॅन थांबला असता, पण मास्तर सगळ्यांसमोर उघडे पडले असते, आणि तेही सुनेकडून. न बोलावं तर त्या टाकीवर माझा नवरा वाकणार होता. त्यांनी 'ब्लीच' म्हटलं तर मी टाकीच्या आडवी येईन, एवढं मी मनाशी ठरवलं आणि एक पाऊल पुढे आले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय हे त्यांना कळलं. मग त्यांनी झाकण घट्ट लावलं, कॅन जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "टाकू नकोस. मला सांगता येत नाही."

"म्हणजे? सर्दी झालीय का?"

"सर्दी मागच्या हिवाळ्यात झाली होती. ती गेली. वास परत आला नाही."

नवऱ्याने पुढे केलेला हात मागे घेतला. 

"मागच्या हिवाळ्यापासून?" नवरा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आणि रोज तुम्ही मला... मी रोज तुमच्या शब्दावर टाकीत ओततो, बाबा."

"माहीत आहे."

"मी वाकून ओततो."

"माहीत आहे रे." मास्तर म्हणाले. "म्हणून तर बोटं वापरत होतो. नाकात झोंबायचं, पण झोंबतं तर दोन्ही. बोटं चुकली नाहीत कधी."

"आज चुकली असती," मी म्हणाले. "ओल्या रबरावर पाणीसुद्धा बुळबुळीत लागतं."

"हो," मास्तर म्हणाले. "मी 'ब्लीच' म्हणणारच होतो."

मी दोन्ही दारं उघडली, कॅन न उघडता उभाच धरून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेला, इतर सगळ्यापासून लांब एकटा ठेवला, आणि त्यावर जाड अक्षरांत लिहिलं, 'काय आहे माहीत नाही. उघडू नये.' मास्तरांचे हात नळाखाली धरायला लावले, बराच वेळ. नवऱ्याने हॉस्पिटलला फोन करून चादरींना उशीर होईल म्हणून कळवलं. पलीकडून बोलणी बसली असावीत. तो फक्त "हो, हो, चूक आमचीच" म्हणत राहिला.

मग तो वडिलांजवळ आला. मला वाटलं, आता म्हणेल, घरी बसा. मास्तरांनाही तेच वाटलं असणार, कारण ते आधीच एप्रनची गाठ सोडत होते.

"घरी चाललो मी. म्हटलंच होतं तसं."

मावशी मध्ये पडली. "चला, मीही येते. मलाही लांबचं दिसत नाही. डोळ्यांचे घरी, नाकाचे घरी, गुडघ्यांचे घरी. लाँड्री मशीनच चालवेल."

नवऱ्याला हसू आलं आणि ते त्याला आवडलं नाही. "मावशी, तुम्ही गप बसा. बाबा, वास नसेल येत तर नसेल. पण खोटं नाही सांगायचं. माझ्याशी नाही."

"नाही सांगणार."

"आणि नावं लागणार कॅनवर. सगळ्यांवर."

"लाव की. मी कुठे नाही म्हणतोय?" मास्तर गाठ परत बांधत म्हणाले. बोटं दुखत असल्यामुळे ती बांधली जाईना, मग नवऱ्यानेच बांधली. गाठ जरा जास्तच घट्ट बांधली गेली.

घरी सासूबाईंना हे कसं सांगायचं याची मास्तरांना धास्ती होती. त्यांनी सांगितलंही घसा खाकरून, लांबण लावून. सासूबाई शिलाईतून मान वर न करता म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. दूध उतू जाऊन करपलं तरी तुम्ही शेजारी पेपर वाचत होता. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते. बराच वेळ घेतलात." मग त्यांनी मलमाची डबी पुढे ओढली. "आणा तो हात."

डॉक्टरांनी तपासलं. वास थोडाफार परत येईल, कदाचित येणारही नाही, म्हणाले. बोटं मात्र भरतील.

ब्लीच-ॲसिड पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाने तो कॅन नेला आणि तपासून कळवलं, ॲसिड होतं. नवऱ्याने फोन ठेवला आणि बराच वेळ टाकीकडे बघत उभा राहिला.

आम्ही कॅनच वेगळे केले. ब्लीचचे निळे, ॲसिडचे लाल, वर न निघणाऱ्या शाईने नाव, आणि दोघांची फडताळं समोरासमोरच्या भिंतींवर. मला वाटलं होतं, मास्तर कुरकुर करतील. पण एकदा नियम केला म्हटल्यावर ते माझ्यापेक्षा कडक निघाले. चष्मा लावून प्रत्येक कॅन वाचत. बाजूला मावशी पुटपुटत असे, "देवाचं नाव एवढ्या भक्तीनं वाचलं असतं तर आत्ता स्वर्गात असता."

एका सकाळी मालाची गाडी आली. नेहमीचा ड्रायव्हर. त्याने दोन ड्रम फळीवरून घरंगळत खाली आणले. एकावर नावाची चिठ्ठी होती, दुसऱ्यावर चिठ्ठीचा नुसता फाटलेला कोपरा.

"हा परत ने," मास्तर म्हणाले.

"का? मालक, ब्लीच आहे, नेहमीचं."

"कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? झाकण उघडतो, वास घ्या. तुमच्यासारखं नाक अख्ख्या रस्त्यात नाही, सगळे म्हणतात."

मी आतून बघत होते. नवराही हातातलं काम टाकून दारात आला होता. वडिलांनी नुसती मान हलवली असती तरी तो पुढे होऊन ड्रम परत लोटणार होता. तशी वेळ आली नाही.

"नाक गेलं माझं," मास्तर म्हणाले, बाजारभाव सांगावा तसे सहज. "आणि असतं तरी उघडू दिलं नसतं. परत ने, चिठ्ठी लावून आण. दुपारी आण, आम्ही थांबतो."

ड्रायव्हरने आशेने नवऱ्याकडे पाहिलं.

"मास्तर म्हणतात ते ऐक," नवरा म्हणाला.

ड्रायव्हर बडबडत ड्रम फळीवर चढवायला लागला. एकट्याला जमेना. मास्तरांनी कंबरेला खोचलेले हातमोजे काढले, घातले, आणि खालून ड्रमला खांदा लावला.