वेड्याचा कागद

“मामी, इथं नुसतं ‘एकटी’ निवडलं की झालं. पाच मिनिटांत कागद अमेरिकेत,” वानिया म्हणाली.

“मी एकटी नाही.”

“अगं मामी, मामा सप्टेंबरमध्येच...”

“कधी गेला ते मला माहीत आहे. मी होते तिथं.”

वानियानं पडद्यावरचं बोट काढलं. ती माझ्या नणंदेची मुलगी. बँकेत नोकरी करते, मनानं चांगली आहे. माझे हात थरथरतात म्हणून यंदा कागद संगणकावरून पाठवायचं तिनंच ठरवलं होतं.

पन्नास वर्षांपूर्वी मी पोर्तुगालच्या या तेरसेरा बेटावर आले, ती अमेरिकन हवाई तळावरच्या शाळेत दोन वर्षं शिकवायला. पहिल्याच आठवड्यात सेराफिमच्या गाई रस्त्यात आडव्या बसल्या आणि मला शाळेला उशीर झाला. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. अमेरिकेतलं माझं मिनेसोटा सुटलं, पण तिथलं सरकार काही सुटलं नाही. आपला नागरिक जगाच्या टोकाला गेला, तरी त्यानं दरवर्षी कमाईचा कागद धाडायचा. त्यातून नवऱ्यापासून वेगळा कागद भरणारी बाई असेल, तर वर्षाला पाच डॉलर मिळाले तरी सुटका नाही. मी घरी गावातल्या पोरांना इंग्रजी शिकवायची. कर कधी बसला नाही, कागद मात्र चुकला नाही.

त्या कागदावर नवऱ्याचं नाव लिहायचं आणि शेजारी त्याचा नऊ आकडी अमेरिकन नंबर. सेराफिमनं अमेरिकेत कधी पाऊल टाकलं नव्हतं. नंबर कुठला? अशा नवऱ्यापुढे तीन अक्षरं लिहायची: एन, आर, ए. म्हणजे अमेरिकेत न राहणारा परका.

पहिल्या वर्षी सासूबाईंनी विचारलं, “काय लिहितेस गं माझ्या मुलाच्या नावापुढं?”

माझं पोर्तुगीज तेव्हा तोडकंमोडकं होतं. ‘परका’ला शब्द सुचेना, तेव्हा मी आपलाच इंग्रजी ‘एलियन’ घेतला आणि त्याला पोर्तुगीज शेपूट जोडलं. त्याचा त्यांच्या भाषेतला अर्थ निघाला ‘वेड लागलेला’.

सासूबाईंच्या हातातला डाव भांड्यात पडला. “माझ्या सेराफिमला वेडा म्हणतात? न बघताच?”

सेराफिम शेणानं भरलेल्या बुटांनिशी दारात उभा राहून पोट धरून हसत होता. “बरोबरच आहे की, आई! शहाणा माणूस अमेरिकन बायको करील का?”

तेव्हापासून दर जूनला त्याचं एकच, “काढ गं तुझ्या वेड्याचा कागद.” मी लिहायची, तो मला गाडीतून टपाल कचेरीत न्यायचा आणि पावती टोपीच्या आतल्या पट्टीत खोचून ठेवायचा. पुढच्या जूनला नवी आली की जुनी चुलीत. मागच्या वर्षी पेन माझ्या हातात देत म्हणाला, “इतकी वर्षं एका उशीवर डोकं ठेवतोय, अजून परकाच का मी?”

“सरकारला विचार,” मी म्हटलं.

वानियानं पुन्हा पडद्यावर बोट ठेवलं. “हा संगणक अक्षरं घेतच नाही, मामी. नऊ आकडेच मागतो. ‘एकटी’ केलं, तर मामांचं नावच टाकायला नको.”

“म्हणूनच नको.”

“कोण बघणार आहे तिकडं?”

मी नियमांची पुस्तिका तिच्यापुढे सरकवली. खुणेचं पान उघडंच होतं. तिनं इंग्रजी सावकाश, बोट फिरवत वाचलं: ज्या वर्षी जोडीदार वारला, ते पूर्ण वर्ष तुम्ही विवाहितच.

“पूर्ण वर्ष?”

“एकतीस डिसेंबरपर्यंत. आणि हा कागद त्याच वर्षाच्या कमाईचा.”

तिनं संगणक मिटला. मग म्हणाली, “पेन कुठलं देऊ? काळं?”

“निळं. फळीवरचं.”

मी लिहायला बसले. ‘सेराफिम’ लिहिताना हात दोनदा थांबला. मग शेजारी ती तीन अक्षरं, एकेक, ठळक.

“मग पुढच्या वर्षी?” वानियानं हळूच विचारलं.

“पुढच्या वर्षी तू पाच मिनिटांत पाठव.”

टपाल कचेरीत तिनं मला नेलं. खिडकीतल्या बाईनं पाकीट तोललं. “नोंदवूनच ना, नेहमीसारखं?”

“नेहमीसारखं.”

घरी आले, तेव्हा टोपी दारामागच्या खुंटीवर होती, सप्टेंबरपासून तशीच. पट्टीत मागच्या वर्षीची पावती होती. घामानं तिचे कोपरे मऊ झाले होते, अक्षरं पुसट.

ती मी काढली नाही. नवी तिच्या शेजारी खोचली आणि टोपी पुन्हा खुंटीवर ठेवली.