होळीबाहेरचा नारळ

दयाराम मुंबईच्या कायदेमंडळात बसला तो उणेपुरे चार महिने. राज्य इंग्रजांचं. खोताच्या जाचातून कुळांना सोडवणारा कायदा कोणी पुढं येऊ देईना, तेव्हा त्यानं राजीनामा तोंडावर फेकला नि आपल्या गावाची, म्हसळ्याची वाट धरली. तोवर खोताच्या माणसांनी गावात उठवलं होतं, दयाराम इंग्रजांना फितूर झाला! झालं, गावकीनं ना विचारलं ना पुसलं, वाळीत टाकलं. त्या शिमग्याला त्याच्या घरचा नारळ होळीतून काढून त्याच्याच अंगणात भिरकावला. ज्यांच्यासाठी खुर्ची सोडली त्यांनीच! म्हातारा त्या दुःखातून उठलाच नाही.

पुढं वाळीत टाकणं सुटलं, पण चुकलं असं कोणी म्हणालं नाही. त्याची नात मनुबाई ऐंशीला टेकली ती तेवढं ऐकायला. यंदा गावाच्या कमानीला दयारामचं नाव द्यायचं ठरलं. पोरक्या भाच्याला, हर्षदला, तिनं तळहाताच्या फोडासारखं वाढवलेलं. तो म्हणाला, "आत्ये, गावकी चारचौघांत माफी मागंल. माझा शबूद हाय."

समारंभाच्या दिवशी म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसली नि मांडवात पहिल्या रांगेत जाऊन बसली.

गावकीचा अध्यक्ष हिरामण बोलायला उभा राहिला. "दयारामबाबांना या गावानं कायम डोक्यावर घेतलं!" टाळ्या पडल्या. अगं बाई, हे काय भलतंच? मनुबाईनं हर्षदकडं पाहिलं. आता हा बोलेल, तिला वाटलं.

हर्षदनं माईक घेतला. "वाळीत-बिळीत काय नव्हतं. जुन्या माणसांची समजूत ती. आमच्या घराची गावकीवर काडीची तक्रार न्हाय."

लगेच हिरामणनं जाहीर केलं, जिल्हा परिषदेला गावकीचा उमेदवार हर्षद!

मनुबाईला सौदा कळला. गावानं आजोबाला कापलं ते परक्याच्या सांगण्यावरून. या मेल्यानं तर सगळं ठाऊक असून कापलं. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण या लोकांपुढं रडायचं?

घरातली वडीलधारी म्हणून मानाचा नारळ तिच्याच हाती आला. तिनं तो घेतला नि हर्षदच्या ओंजळीत ठेवला.

"ह्यो तुझ्या घरी ने."

हर्षद कसनुसं हसला. "आत्ये, आपलं घर एकच हाय ना?"

"व्हतं," मनुबाई म्हणाली नि मांडवाबाहेर चालू लागली.