विहिरीजवळच्या ओळी

ही शैलजा द्राक्ष चावते आणि थुंकते. रोज सकाळी, सगळ्या बायांच्या देखत. घडातला एक मणी तोडायचा, तोंडात फिरवायचा, बी तळहातावर घेऊन न्याहाळायची आणि बाकीचं पचकन मातीत. मिल बंद झाल्यावर माझ्या पोरांनी ताटं पुसून खाल्ली आहेत. मला हे बघवत नसे.

"गिळलंस तर पोट दुखेल का गं?" मी एकदा विचारलंच.

"सगळी गिळली तर मावशी, दुपारपर्यंत माझ्याच पोटात दारू तयार!"

बाया हसल्या. जनाबाईनं तर तोंडात पदर कोंबला. मला हसू आलं नाही. माझे वडील महूच्या पलटणीत हवालदार होते, मला उलट उत्तरं ऐकायची सवय नाही.

शैलजा नाशिककडची, शेतीचं कॉलेज शिकलेली. राऊ गावाच्या पुढे एका सेठनं माळावर वेली लावल्या, तिथली ती मॅनेजर. द्राक्षं खायची नव्हेत, फेसाच्या दारूची. बाटली उघडली की फट्ट आवाज होतो म्हणे, ती. मिलच्या चाळीतल्या बाया तोडणीला न्यायचं काम माझं. चाळीत बोलणारे बोलले, "मुलाचं नाव पंचशील, आणि आईबाप दारूच्या मळ्यात!" मी म्हटलं, "मिल बंद झाली तेव्हा माझ्या घरी पीठ घेऊन आला होतात का? नाही ना? मग चूप बसा."

आईबाप म्हटलं, कारण आमचे हे, नथू, तिथंच विहिरीच्या पंपावर होते.

मिलमध्ये यांचं काम ओलीचं. सूत कातायच्या खात्यात हवा कोरडी झाली की धागा तटातट तुटतो, म्हणून हवेत पाण्याची फवार सोडतात. ती किती आणि कधी सोडायची ते हे बघायचे. जन्म त्यात गेला. मग एक दिवस फाटकाला कुलूप आणि कुलपाशेजारी कागद. पोलोग्राउंडला एका कारखान्यात गेले, महिन्याभरात परत आले आणि खाटेवर बसले ते बसलेच. चहा हवा का विचारलं तर नुसती मान. पंपाचं काम मिळालं तेव्हा पुन्हा रोज दाढी करायला लागले. पंपघराची किल्ली करगोट्याला बांधलेली. झोपेतसुद्धा तिच्यावर हात.

त्या वर्षी थंडी आलीच नाही. जानेवारीतच ऊन असं की लुगडं वाळत टाकून मागे वळावं तर कडक. पाऊसही आदल्या वर्षी हात आखडून पडलेला. वेलींची पानं कडेनं वळायला लागली, मणी बारीक राहिले, साल जाड झाली. आणि अशात शैलजानं पाणी तोडलं. "पंप बंद. मी सांगेपर्यंत थेंब नाही," एवढं बोलून गेली. कारण सांगायची तिला सवयच नाही.

हे घरी येऊन जेवेनात. "हवा सुकली आनंदी. एकदम सुकली," एवढंच म्हणायचे. मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय? मॅडम ती आहे."

चारेक दिवसांनी शैलजा विहिरीजवळच्या ओळींत शिरली आणि तशीच उभी राहिली. मणी फुगून टरारले होते, कितीतरी फुटले होते. रस गळत होता, त्यावर गांधीलमाश्या. तिनं एक मणी तोंडात घातला. "पाणी," ती म्हणाली. "नुसतं पाणी. कोणी सोडलं?"

किल्ली कोणाच्या कमरेला ते सगळ्यांना माहीत. बाया माझ्याकडे बघेनात. सेठ थोड्याच वेळात येणार होता. यांना काढलं तर? पुन्हा ती खाट, पुन्हा ती मुकी मान.

हे पुढे आले. "मी सोडलं. दुपारचं, सगळे जेवायला बसले की."

मला वाटलं, आता ही तोफ डागणार. ती क्रेट उपडा करून त्यावर बसली. दुसरा पायानं यांच्याकडे सरकवला.

"का सोडलं, काका?"

हे उभेच राहिले. मग बसले. आणि बोलायला लागले. धागा कसा तुटतो, हवा कोरडी झाली की मनगटाच्या मागच्या बाजूला कसं आधी कळतं, मे महिन्यात एकदा फवार बंद पडली तर सगळं खातं कसं उभं राहिलं. दहा वर्षांत यांच्या तोंडून एवढे शब्द मी ऐकले नव्हते. "पानं वळली," शेवटी म्हणाले. "मला वाटलं, आता तुटणार."

शैलजानं सगळं ऐकलं.

"काका, सुताचं न् याचं उलटं आहे," ती म्हणाली. "कोरड्या हवेनं याचं भलंच होतं. बुरशी नाही, रोग नाही. दाणा लहान, पण त्यात चव दाटून राहते. आता पाणी दिलं की नुसता फुगतो. भीती आहे ती उन्हाची. ऊन तापलं की गोडी भराभर वाढते आणि आंबटपणा जळून जातो. फेसाच्या दारूला आंबटच पाहिजे."

"म्हणजे पन्ह्याची कैरी," मी म्हटलं. "पाड लागला की गेली."

"तेच मावशी! म्हणून उद्या पहाटेच तोडायचं. गार आहे तोवर." मग तिनं यांच्यापुढे हात केला. "किल्ली द्या. पंप आता मी बघेन."

यांनी करगोट्याची गाठ सोडली. मी दुसरीकडे बघितलं.

"आणि तोडलेला माल ट्रक येईपर्यंत शेडमध्ये राहणार," ती म्हणाली. "पत्र्याखाली तो शिजेल. शेड गार ठेवायची, पण द्राक्षाला पाण्याचा थेंब लागता कामा नये. जमेल?"

हे उठले आणि शेडकडे चालायला लागले. गोणपाटं मागायला.

सेठ आला. फुटलेल्या ओळी बघून तांबडा झाला. "ये बुड्ढा कौन है? हटाओ इसको!"

"ओळी गेल्या त्यात माझीही चूक आहे सेठजी, पाणी का तोडलं ते मी सांगितलं नव्हतं," शैलजा म्हणाली. "आणि कल की तोडणी में शेड के लिए यही आदमी चाहिए. याला काढायचं तर दुसरा तुम्ही द्या."

सेठ पुटपुटत गाडीत बसला. दुसरा कुठून देणार?

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आम्ही कात्र्या घेऊन ओळींत. घड गार, मणी कडक. बायांना मी सोडलं नाही, "हळू गं मनोरमा, भांडी घासतेस का?" विहिरीजवळच्या ओळी तेवढ्या वगळल्या, त्या मातीतच जाणार होत्या. ऊन चढेपर्यंत क्रेट शेडमध्ये. दारांना, खिडक्यांना ओली गोणपाटं टांगलेली, क्रेटांपासून हातभर लांब. आत पाऊल टाकलं आणि माझ्या अंगावर शहारा आला. हे मधोमध उभे, मनगट उलटं करून हवेत धरलेलं. एक गोणपाट काढायला लावलं, दुसरं भिजवायला.

ट्रक गेला. बाया टेम्पोत चढल्या. हे शेडमध्येच गोणपाटांच्या घड्या घालत होते, कापडाच्या ठाणासारख्या, कडेला कड जुळवून. शैलजा दारात टेकून उभी होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ऐक गं शैलजा. तू उद्धट आहेस. माझी सून असतीस तर रोज भांडण झालं असतं. किल्ली काढून घेतलीस, बरोबर केलंस, मीही घेतली असती. पण घेण्याआधी तू यांना बसवलंस आणि 'का' म्हणून विचारलंस. मिलचं फाटक लावलं तेव्हा कोणी बसा म्हटलं नव्हतं. तुझं भलं होईल पोरी."